पाडव्याची छाटणी

डिसेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधल्या डार्बीशरमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. मधल्या वेळात तो दिसेलच याची खात्री नाही. या दिवसांत बागेत जायचं ते कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायला, नाहीतर पक्ष्यांसाठी दाणे भरायला, आणि तेही कानटोपी चढवून. गुलाबाच्या नुसत्या काठ्या उरलेल्या, हिरवळीचा चिखल झालेला, डेलियाचे कंद गॅरेजमध्ये खोक्यात झोपलेले. आणि नेमक्या याच दिवसांत मागच्या दाराच्या पायरीशेजारी वीतभर उंचीचं एक झुडूप गुलाबी होऊन बसलेलं असतं. एखाद्या रात्री बर्फ पडला तर ते त्याखाली गाडलं जातं. दोन दिवसांनी बर्फ वितळतो आणि खालून तीच फुलं, तशीच, जणू मधे काही झालंच नाही.

हे विंटर हीथ. शास्त्रीय नाव एरिका कार्निया. इथले लोक सरसकट 'हेदर' म्हणून मोकळे होतात, पण बागकामवाल्या मंडळींसमोर तसं म्हटलं तर ती हळूच दुरुस्ती करतात. ऑगस्टमध्ये इथल्या डोंगरमाथ्यांवर मैलोन् मैल जांभळं पसरतं ते खरं हेदर, म्हणजे कॅलुना. पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते हेच. १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि त्या पक्ष्यांना कोवळे शेंडे खायला मिळावेत म्हणून याच माळांचे पट्टे आलटूनपालटून जाळले जातात. हीथ आणि हेदर एकाच कुळातले चुलतभाऊ, पण स्वभाव अगदी वेगळे. हेदरला आम्लधर्मी जमीन लागते, चुना दिसला की ते पिवळं पडून रुसतं. विंटर हीथ मूळचं आल्प्सचं आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांचं. तिथे ते पाइनच्या जंगलाखाली, खडकाळ उतारांवर, चुनखडीतही सुखाने वाढतं. इंग्लंडमध्ये ते १७६३ साली आलं. आमच्या नळाच्या पाण्याने किटलीच्या तळाशी चुन्याची पांढरी खपली धरते, तरी या झाडाची तक्रार नाही. एरिकांच्या आठशेहून जास्त जाती आहेत, बहुतेक सगळ्या दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या. त्यातल्या फार थोड्यांना चुना चालतो आणि त्याहून थोड्यांना उणे वीस अंशांची थंडी. दोन्ही चालणारं झाड घराशेजारी लावायला मिळणं ही चैनच.

फूल पाहायचं तर वाकावं लागतं. त्यापेक्षा एक काडी तोडून खिडकीशी आणावी आणि भिंग लावावं. पानं सुईसारखी, काडीभोवती चार-चारच्या वेढ्यांत. फुलं शेंड्याकडच्या भागात, बहुतेक एकाच बाजूला कललेली, खाली तोंड केलेल्या निमुळत्या सुरईसारखी. प्रत्येकीला चार फिक्या रंगाची निदलं, आणि तोंडातून बाहेर डोकावणारे आठ परागकोश, काळपट चॉकलेटी. ते पुढे आलेले गडद ठिपके हीच याची खूण. लांबून झुडुपाचा गुलाबी रंग थोडा मळकट का वाटतो याचं उत्तरही तेच. जवळ आल्यावर मळ नाहीसा होतो आणि त्या जागी कलाकुसर दिसते. आणखी एक गंमत म्हणजे फूल सुकलं तरी गळत नाही. तपकिरी होऊन तसंच चिकटून राहतं. त्यामुळे बहर नेमका कधी संपला हे सांगणं कठीण, आणि छाटणीची सगळी भानगड इथूनच सुरू होते. ती पुढे येईलच.

माझ्याकडे कार्नियाशिवाय दुसरंही एक हीथ आहे, आणि त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव आहे, कारण ते इथलंच. मॅटलॉकच्या बाहेर डर्वेंट नदीच्या खोऱ्यात डार्ली डेल नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे जेम्स स्मिथ यांची मोठी रोपवाटिका होती. १८९०च्या आसपास त्या वाटिकेत एक वेगळंच रोप उगवलेलं आढळलं. आई-बाप दोन्ही एरिका, पण एक आल्प्सकडची कार्निया आणि दुसरी एरिका एरिजेना, जी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये पुरुषभर उंच वाढते. रानात ही दोघं एकमेकांना भेटण्याचा प्रश्नच नव्हता. ती भेटली डार्बीशरमधल्या एका वाफ्यात, शेजारी शेजारी लावली गेली म्हणून, आणि मध्यस्थी केली कुठल्यातरी माशीने. कुणी मुद्दाम केलेला संकर नव्हता तो. आज त्याचं नाव एरिका डार्लीएन्सिस आणि त्या मूळ वाणाचं नाव 'डार्ली डेल'. हे झाड सहसा बी धरत नाही. म्हणजे जगभरच्या बागांत जिथे जिथे 'डार्ली डेल' आहे, ते सगळं त्या एकाच रोपाच्या काड्यांवरून काड्या घेत आलेलं. माझ्या भिंतीकडचं झुडूप आणि ते पहिलं रोप यांच्यात पिढीचं अंतर नाही, फक्त कात्रीचं आहे.

थोडं विषयांतर करते. याच डार्ली डेलमध्ये सर जोसेफ विटवर्थ राहत. १८४१मध्ये त्यांनी स्क्रूच्या आट्यांचं पहिलं प्रमाण ठरवलं. माझे काका साताऱ्यात लेथवर काम करायचे. त्यांच्या तोंडी 'विटवर्थ' हा शब्द दिवसातून दहादा यायचा, आणि ते एखाद्या माणसाचं नाव असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पंचावन्न अंशाचा आटा तो विटवर्थ, साठ अंशाचा तो मेट्रिक, एवढंच लहानपणी कानावर पडलेलं. इथे आल्यावर गावाच्या मध्यावर विटवर्थ इन्स्टिट्यूटची दगडी इमारत पाहिली आणि काकांना फोन केला. त्यांना हीथमध्ये काडीचाही रस नाही, पण ते गाव मात्र त्यांना पाहायचं आहे.

तर, लागवड. दुकानातून आणलेलं रोप कुंडीतून काढलं की मुळांचा गोळा बोटांनी हलका सैल करायचा. हीथची मुळं केसासारखी बारीक, आणि ती वरच्या थरातच राहतात. एकदा हा गोळा कोरडा ठणठणीत झाला की वरून ओतलेलं पाणी बाजूने निघून जातं, आत शिरत नाही. म्हणून लावण्याआधी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. खड्डा कुंडीपेक्षा थोडा खोल, इतका की सगळ्यात खालची पानं मातीला टेकावीत. आपल्याकडे खोड मातीत गाडू नये असं शिकवतात. इथे उलट. खालच्या फांद्या मातीला टेकल्या की त्यांना मुळं फुटतात आणि झुडूप उघडंबोडकं दिसत नाही. दोन रोपांत हातभर अंतर. तीन-चार वर्षांत ती एकमेकांना भिडतात आणि खाली तण उगवायला उजेडच उरत नाही. पहिला उन्हाळा पाणी सांभाळायचं. पाणी साचू मात्र द्यायचं नाही, चिकणमातीत खड्डा करून लावलं तर पावसाळी वर्षात मूळकुजीने गेलंच समजा. आमच्याकडे जमीन उताराची आहे म्हणून ती चिंता नाही. सपाट बाग असेल तर माती थोडी उंचवून त्यावर लावावं.

आणि खत? खत नको. हे पचायला मला वेळ लागला, कारण आमच्या घरी झाड म्हटलं की आधी शेणखत, मग झाड. जमीन भुकेली ठेवणं हे आपल्याला दुष्टपणाचं वाटतं. हीथच्या केसाएवढ्या मुळांच्या पेशींत एक बुरशी राहते. अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्यात अडकलेला नत्र सहजासहजी कुठल्याच मुळाला मिळत नाही. ती बुरशी तो सोडवून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. माळरानावर, जिथे इतर कुणाला जगता येत नाही तिथे हीथ-हेदर का राज्य करतात, त्याचं हे कारण. तुम्ही भरपूर नत्र घातलंत तर दोन गोष्टी होतात. एक, झाड भसाभसा लांब, लुसलुशीत फांद्या काढतं आणि त्या पहिल्याच मोठ्या बर्फाखाली आडव्या होतात. दुसरं, गवताला आमंत्रण मिळतं, आणि गवत आलं की हीथ हरलं.

हे वाचताना साताऱ्याच्या माणसाला कास आठवलं नाही तर नवल. कासच्या पठारावर जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही. ती माती इतकी निकस की सीतेची आसवं आणि दवबिंदू यांच्यासारख्या वनस्पतींना नत्रासाठी किडे पकडून खावे लागतात. आणि तरीही श्रावण-भाद्रपदात तिथे जे फुलतं ते पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते. पश्चिम घाट २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. लहानपणी मला वाटायचं, एवढी फुलं म्हणजे केवढी कसदार जमीन असेल! प्रत्यक्षात ती निकस आहे म्हणूनच एवढ्या तऱ्हेची फुलं आहेत. कुणा भल्या माणसाने त्या सड्यावर ट्रकभर काळी माती आणि युरिया टाकला तर दोन पावसाळ्यांत तिथे एकजात दांडगं गवत उभं राहील. इथल्या पीक डिस्ट्रिक्टमधला माळ आणि कासचा सडा यांत हवामानाचं काही साम्य नाही, झाडंही वेगळी. पण दोन्हीकडे उपाशी जमिनीनेच फुलं राखली आहेत.

म्हणून मी माझ्या हीथना वर्षातून एकदा फक्त पाइनच्या सालीचा कुजवलेला चुरा पसरते, दोन बोटं जाडीचा. पीट, म्हणजे दलदलीतून उकरलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, घालत नाही. पूर्वी हीथ म्हटलं की पीट, असं समीकरणच होतं. पण पीटचा थर दलदलीत वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो. बागेच्या एका पोत्यासाठी कित्येक शतकांचा साठा उकरायचा, आणि तोही चुना सहज सोसणाऱ्या झाडासाठी, हे काही पटण्यासारखं नाही.

आता छाटणी. विंटर हीथची सगळी निगा एका वाक्यात सांगायची तर ती छाटणीची वेळ सांगितली की झालं. माझ्या शेजारी राहणारे आजोबा, जन्मभर चुनखडीच्या खाणीत काम केलेले, एप्रिलच्या सुरुवातीला कुंपणाच्या फटीतून डोकावतात आणि म्हणतात, "मे डक, तुझी कात्री कुठंय?" डार्बीशरमध्ये 'मे डक' हे सगळ्यांना म्हणतात, बस ड्रायव्हरलाही. त्यांचा नियम सोपा, फुलं उतरायला लागली की काप, वाट बघू नको. माझा नियम त्यांच्यापेक्षा सोपा, पाडवा ते रामनवमी. दोन्ही सण कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये येतात आणि विंटर हीथचं वेळापत्रक त्यात बरोबर बसतं. गुढी उतरवली की दुसऱ्या दिवशी कात्रीला तेल.

घाई का, तर झाडाची पुढची तयारी आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर सुरू होते. मे महिन्यात नवे शेंडे येतात. 'डार्ली डेल'चे तर दुधी-गुलाबी असतात, दुसरा बहर आल्यासारखे. ते शेंडे जून-जुलैत वाढतात, आणि ऑगस्टमध्ये बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत बार्बेक्यू करत असतात तेव्हा त्या शेंड्यांवर पुढच्या जानेवारीच्या कळ्या धरलेल्या असतात. मोहरीपेक्षा लहान, पोपटी, घट्ट मिटलेल्या. माहीत नसेल तर पानांतलाच गुंता वाटतो. त्या तशाच, हिरव्या, चार-पाच महिने बसून राहतात. शरद ऋतूत सगळी बाग 'आवरण्याच्या' उत्साहात कुणी हीथवरून कात्री फिरवली तर झाडाला काही होत नाही, ते हिरवंगार राहतं, फक्त हिवाळाभर एकही फूल येत नाही. असे बिनफुलाचे, चेंडूसारखे गोल कापलेले हीथ मी कितीतरी कार्यालयांच्या दारात पाहिले आहेत. बागेचं कंत्राट ऑक्टोबरचं असतं, झाडाचं एप्रिलचं.

कापायचं कुठे, हेही महत्त्वाचं. सुकलेल्या फुलांचा तुरा जिथे संपतो त्याच्या जरा खाली, पण पानं असलेल्या भागातच. त्याखाली जी तपकिरी, बिनपानांची काडी असते तिच्यात कात्री गेली तर ती काडी मेली, तिला पुन्हा धुमारे फुटत नाहीत. म्हणून हीथ दरवर्षी थोडं थोडं कापायचं असतं. पाच वर्षं सोडून दिलं आणि मग एकदम 'नवं करू' म्हटलं, असं इथे चालत नाही. कार्निया तशी पसरट, तिला एखादं वर्ष विसरलात तरी खपतं. डार्लीएन्सिस उंच होतं, ते मधे दुभंगतं आणि पोटातलं सगळं लाकूड दाखवायला लागतं.

यात एक अडचण आहे, आणि ती आजोबांना मान्य नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाही झुडुपात थोडी ताजी फुलं असतात आणि त्यांच्यावर बंबलबी असतात. फेब्रुवारीत ऊन पडलं की या माश्यांच्या राण्या जमिनीखालून बाहेर येतात. अंगठ्याच्या पेराएवढ्या, लोकरीचा कोट घातलेल्या. उडण्यासाठी छातीतले स्नायू तीस अंशांच्या आसपास तापावे लागतात, म्हणून बाहेर आठ अंश असताना ती बया आधी जागच्या जागी थरथरत बसते, मग उडते. हे इंधन कुठून आणायचं? त्या महिन्यात आमच्या गल्लीत मध मिळण्याची ठिकाणं म्हणजे क्रोकस, कुणाच्या कुंपणातलं महोनिया आणि हे. राणी एकेका सुरईला लोंबकळते, इतकी जड की काडी वाकते. मी आधी पायरीजवळचं झुडूप कापते, भिंतीकडचं आठवडाभर थांबवते, तोवर प्लमच्या झाडावर फुलं येतात. आजोबा म्हणतात, माश्या काय, त्या सापडेल तिथे खातील. त्यांच्या बागेत सगळं एकाच शनिवारी कापलं जातं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचं हीथ माझ्यापेक्षा दाट आहे.

सध्या हीथला फॅशनमध्ये मान नाही. १९७०च्या दशकात इथे त्याची लाट होती. नॉरफकमध्ये एड्रियन ब्लूम यांनी कोनिफर, म्हणजे सूचिपर्णी झाडं, आणि हीथची जोडी लावून एक मोठी बाग केली आणि मग इंग्लंडभर बंगल्यांच्या पुढच्या अंगणात तीच जोडी उभी राहिली. ती पिढी म्हातारी झाली, कोनिफर छपराएवढे झाले, हीथ मधून उघडे पडले, आणि नंतर आलेल्यांनी दोन्ही उपटून गवतं लावली. अजूनही बागकामाच्या गप्पांत 'हीथ' म्हटलं की तरुण मंडळी गालातल्या गालात हसतात. हसोत. मला त्याहून राग येतो तो डिसेंबरमध्ये सुपरमार्केटच्या दारात मांडलेल्या रंगीत कुंड्यांचा. जिवंत हेदरवर निळा, नारिंगी, चक्क चंदेरी रंग फवारलेला असतो. नाताळात होळी. नवे शेंडे आले की खालून खरा हिरवा दिसतो आणि तोवर बहुतेकांनी ती कुंडी फेकून दिलेली असते. खऱ्या रंगांची काय कमतरता आहे? 'फॉक्सहॉलो'ची पानं सोनेरी, थंडी वाढली की शेंडे लालसर होतात. 'क्रामर्स रोट' गडद किरमिजी. आणि पांढऱ्यात 'स्प्रिंगवूड व्हाइट', जी एका स्कॉटिश बाईंना इटलीतल्या डोंगरावर सापडली आणि स्टर्लिंगजवळच्या आपल्या घराचं नाव त्यांनी तिला दिलं.

ही पांढरी माझ्याकडे आहे ती आईमुळे. ती आली होती त्या हिवाळ्यात तिची मुख्य तक्रार थंडीची नव्हती, देवाला फूल नाही ही होती. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले, केनियाहून आलेले गुलाब तिला देवघरात नको होते. मी कार्नियाच्या काड्या आणून दिल्या. तिने एक हुंगली, "वास नाही," म्हणाली. मग भिंग मागितलं. बराच वेळ पाहिल्यावर, "ही वाहायची कशी, सुटी होत नाहीत," म्हणाली, आणि शेवटी काडीसकट वाहायला लागली. सोमवारी शंकराला पांढरं हवं म्हणून मार्चमध्ये आम्ही रोपवाटिकेत गेलो. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर मी प्रत्येकीला चार काड्यांची जुडी देते. लेस्टरहून, शेफील्डहून येणाऱ्या मैत्रिणी तिळगुळाबरोबर ती घेऊन जातात. पाण्यात न ठेवताही आठ-दहा दिवस बरी राहते, फूल गळत नसल्याचा हा फायदा.

त्यातल्या एकीला गेल्या वर्षी त्या जुडीचंच रोप हवं होतं. फुललेल्या काडीला मूळ धरत नाही, हे तिला सांगितलं. छाट कलम करायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये, फुलाशिवायच्या नव्या शेंड्याचा दोन इंचांचा तुकडा, वाळू मिसळलेल्या हलक्या मातीत. त्यापेक्षा दाब कलम सोपं. मार्चमध्ये बाहेरची एक लांब फांदी वाकवून मातीत दाबायची, शेंडा वर ठेवायचा, वर दगड ठेवायचा आणि वर्षभर विसरून जायचं. गच्चीवरच्या मोगऱ्याला आपण करतो तेच. भिंतीकडच्या 'डार्ली डेल'च्या दोन फांद्यांवर सध्या दगड आहेत. एक तिच्या नावाचा. दुसऱ्यावर आजोबांनी खडूने स्वतःचं नाव लिहून ठेवलंय, त्यांच्याकडे तेच झाड आधीच आहे तरी.